गंगेत न सोडलेले ताम्हण

नीलकंठ देवस्थळी संध्या करत नसे, पण जानवे घालत असे. त्याला किल्ली बांधता येते म्हणून. किल्ली कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या कपाटाची होती आणि कपाटात, एका तपकिरी बाटलीच्या तळाशी, चिमूटभर पॅलेडियम, सोन्याच्या तोडीचा महाग धातू, होते. दूधविनायकाच्या गल्लीत इतरांच्या जानव्यांना देवघराच्या नाहीतर तिजोरीच्या किल्ल्या असत. नीलकंठची आई, अन्नपूर्णाबाई, शेजारणींना सांगत, "आमच्या नीलूच्या जानव्यालाही धर्म आहे हो. धातूचा आहे, पण आहे."

घराणे चार पिढ्या काशीतले. वडील विष्णुशास्त्री मंगला गौरीच्या देवळापासून अहिल्याबाई घाटापर्यंतच्या मराठी घरांतली लग्ने लावत. मुलगा वेद सोडून रसायनाकडे गेला याचे त्यांना दुःख झाले, पण त्यांनी ते फार दिवस बाळगले नाही. फक्त एकदा, जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता, त्यांनी विचारले, "तू तिथं नक्की करतोस काय?"

"लग्नंच लावतो," नीलकंठ म्हणाला. "एक कार्बन, एक नायट्रोजन. आपणहून ते एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. मधे एखादा धातू घालावा लागतो. तो दोघांना जवळ आणतो, गाठ मारतो आणि स्वतः आला तसा मोकळा निघून जातो."

"म्हणजे भटजी."

"तसंच."

"आणि दक्षिणा?"

"पॅलेडियम फार घेतो. परदेशातनं येतो ना."

शास्त्रीबुवांनी सुपारी तोंडात टाकली. "मग जरा गरीब भटजी बघ. सगळ्यांची ऐपत सारखी नसते."

हे वाक्य ते सहज बोलून गेले आणि पुढे दोन पावसाळ्यांनी वारलेही, पण नीलकंठचे सगळे संशोधन त्या एका वाक्यावर उभे राहिले. गरीब भटजी म्हणजे लोखंड. ते कुठेही मिळते, कुणाला त्याची किल्ली लागत नाही. लोखंडाने जर कार्बन आणि नायट्रोजनची गाठ मारली, तर औषधे स्वस्त होतील, आणि काशीतल्या एका कॉलेजातला एक मास्तर जगाला चार शब्द ऐकवू शकेल. नीलकंठला यातली कोणती गोष्ट जास्त हवी होती हे त्याने कुणाला सांगितले नाही. त्याच्या बायकोला ते ठाऊक होते.

बायको शरदिनी मिरजेची. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न होऊन आली तेव्हा सासरचे मराठी ऐकून ती आठवडाभर तोंडाला पदर लावून हसत होती. "चाय पिऊन नहायला जा," असे सासूबाई म्हणत, आणि नीलकंठ म्हणे, "अभी जातो." शरदिनीचे म्हणणे, या घरात मराठी निघते वेळेवर, पण पोचत नाही. लोखंडाबद्दलही तिचे मत असेच काहीसे होते.

लोखंड खरेच पोचत नव्हते. नीलकंठने ते तापवून पाहिले, थंड ठेवून पाहिले, निरनिराळ्या द्रावणांत बुडवले. कार्बन इकडे, नायट्रोजन तिकडे, आणि मधे लोखंड, मंत्र विसरलेल्या भटजीसारखे, स्वस्थ बसलेले. त्यात कॉलेजची वीज. त्यात माकडे.

प्रयोगशाळेची खिडकी एका पिंपळाकडे उघडत असे. या लग्नांना एक पांढरी पूड लागते, पोटॅशियम कार्बोनेट. ती हवेतले पाणी पिते, म्हणून प्रत्येक वेळी भट्टीत वाळवून घ्यावी लागते. वाळवायच्या चिनी मातीच्या बशा निवायला खिडकीत ठेवल्या की माकडे त्या उचलत, वास घेत, आणि आत काही खाण्यासारखे नाही हे कळले की रागाने खाली टाकत. काशीत माकडांविरुद्ध तक्रार घेणारा कुणी नाही. लोक उलट विचारतात, तुम्हीच काय केलेत? अशी एकेक करून शेवटची बशी फुटली. नवीन बशांची मागणी वर गेली आणि वरच राहिली.

नेमक्या त्याच दिवसांत घरातल्या ताम्हणाला चीर पडली. शास्त्रीबुवा त्यात पळीने उदक सोडत, पुढे अन्नपूर्णाबाई त्यात देव न्हाऊ घालत. खंडित भांडे पूजेला चालत नाही. मोडीत घालणे तर पापच. ते गंगेला द्यायचे. बाईंनी ते फडक्यात बांधून नीलकंठच्या हातात ठेवले.

"कॉलेजला जाता जाता अहिल्याबाई घाटावर सोड. पंचगंगा घाटावर नको. अहिल्याबाई आपली बाई आहे."

"आई, गंगा तीच आहे."

"गंगा तीच आहे, घाट तो नाही."

नीलकंठ गोदौलिया चौकाच्या गर्दीत अडकला. तासाला उशीर होत होता. ताम्हण पिशवीत राहिले. प्रयोगशाळेत आल्यावर त्याला आठवले की आज पूड वाळवायला काही नाही. तो पिशवीकडे बघत राहिला. ताम्हण पसरट होते, काठाचे होते, आणि मुख्य म्हणजे माकडाने टाकले तरी फुटणारे नव्हते. दोन दिवसांपुरते, असे त्याने स्वतःला सांगितले. संध्याकाळी बाईंनी विचारले, "सोडलंस?" तो चपला काढता काढता "हो" म्हणाला. खोटे बोलायचे असेल तेव्हा तो नेहमी चपला काढत असे.

आठवड्याभरात लोखंडाने लग्न लावले.

पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही. मग पुन्हा लागले. पुन्हा. कुठलाही कार्बन आणा, कुठलाही नायट्रोजन, गाठ पक्की. त्या वेळी त्याच्याकडे मृणालिनी नावाची विद्यार्थिनी होती. तिचे वडील बँकेतले, नागपूरहून बदलून आलेले. पोरगी हुशार, आणि काम झाल्याशिवाय न हलणारी. तिने तो प्रयोग इतक्या परींनी करून पाहिला की शेवटी नीलकंठच म्हणाला, "बेटा, बस कर, लोखंड लाजेल." दोघांच्या नावांनी निबंध परदेशातल्या नियतकालिकात छापून आला. मृणालिनीला त्याच्या जोरावर पुण्याच्या एका संस्थेत पुढच्या संशोधनाची जागा मिळाली. नीलकंठला हैदराबादच्या परिषदेत व्याख्यानाचे बोलावणे आले. आयुष्यातले पहिले. शरदिनीने गोदौलियाच्या शिंप्याकडे कोट टाकला. गल्लीत पानवाला विचारू लागला, "गुरुजी, लोहे से दवाई बनती है? तो हमारी दुकान का शटर ले जाइए."

या सगळ्या काळात, तीनेक वर्षे, ताम्हण भट्टीत जात होते आणि येत होते. नीलकंठ ते स्वतः घासत असे. विद्यार्थ्यांना घासू देत नसे. लहानपणी वडिलांच्या संध्येची उपकरणी चिंच लावून लख्ख करण्याचे काम त्याचे होते. हात ते विसरले नव्हते. प्रयोगशाळेत चिंचेचा गोळा औषधांच्या बाटल्यांशेजारी ठेवलेला असे. पुडीला कधी कधी किंचित निळसर झाक येई, तेव्हा तो पूड बनवणाऱ्यांना नावे ठेवी: "आजकाल कशातच शुद्धता राहिलेली नाही." मृणालिनी मान डोलवी. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ताम्हणात काही ठेवलेले दिसले तर ते शुद्ध आहे की नाही असा प्रश्न पडत नाही. एखादा परका असता तर कदाचित पडला असता. परका कुणी नव्हता.

आषाढात मृणालिनीचा फोन आला.

"सर, इथं होत नाही."

"काय होत नाही?"

"काहीच. सगळं तसंच केलं. गाठ पडतच नाही."

"हळू ढवळतेस ना?"

"हळू ढवळलं."

"मग जरा जोरात ढवळ."

त्यानंतर फोन येत राहिले आणि नीलकंठचे सल्ले वाढत गेले. लोखंड नवीन बाटलीतले घे. पाण्यावर नको, तेलावर तापव. मधे झाकण काढून बघू नकोस. शेवटी तो म्हणाला, "हे बघ, यात हाताचा गुण असतो." शरदिनी स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारले, "रसायनशास्त्र सांगत होतात की सासूबाईंचं लोणचं?"

पुढच्या फोनवर मृणालिनी रडत नव्हती, पण रडून आलेली होती.

"सर, इथले सर म्हणतात, की बनारसला एक तर तू आकडे रचलेस, नाहीतर तुझ्या सरांनी. दिवाळीच्या आधी माझी जागा ठेवायची की नाही ते ठरवणार आहेत."

"ते असं म्हणाले?"

"माझ्यासमोर म्हणाले. आणि सर, मी रचले नाहीत."

"मला माहीत आहे गं."

"मग तुम्ही..."

नीलकंठनेही रचले नव्हते. पण हे सांगायला त्याच्याजवळ काही नव्हते. त्याच्याकडे तर प्रयोग रोज होत होता. संध्याकाळी तो गच्चीवर जाऊन उभा राहिला. त्यांच्या गच्चीवरून गंगा अर्धीच दिसते, उरलेली समोरच्या घराच्या भिंतीमागे असते. लहानपणापासून त्याला वाटत आले होते की जे काही घडते ते त्या न दिसणाऱ्या अर्ध्यात घडते. पलीकडच्या वाळवंटावर अंधार उतरत होता. एका मुलीचे नाव आपण त्या निबंधाला जोडले आणि आता ते आपल्याच हातून सुटते आहे, हे त्याला स्पष्ट दिसत होते. खाली शरदिनी जेवायला हाका मारत होती. तो येईना, म्हणून ती वर आली, तिने त्याच्याकडे पाहिले आणि खाली जाऊन आमटी पुन्हा गरम करायला ठेवली.

श्रावणी पौर्णिमेला अन्नपूर्णाबाईंनी परंपरेप्रमाणे मुलाचे जानवे बदलायला लावले. नीलकंठने कुरकुरत नवे घातले, जुने निर्माल्यात गेले, आणि दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात जाऊन कपाटासमोर उभा राहिला तेव्हा त्याला कळले की किल्लीही निर्माल्यात गेली.

त्याने घरी फोन केला आणि तासाभराने शरदिनी रिक्षाने आली. आजवर ती प्रयोगशाळेत कधी आली नव्हती. दारातच तिने जुने जानवे किल्लीसकट उंच धरले.

"हे घ्या. सासूबाई पिशवी घेऊन घाटावर निघाल्या होत्या, जिन्यात गाठलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर तुमचं पॅलेडियम कपाटात अमर झालं असतं."

नीलकंठ हसला नाही. ती आत आली. तिला एकदम त्या जागेची दया आली. इतक्या वर्षांचा नवरा इथे होता तर. कळकट नळ्या, फुटक्या काचा, खिडकीत एक माकड. मग तिची नजर भट्टीच्या दाराशी गेली.

"अहो, हे काय?"

"काय?"

तिने जवळ जाऊन काठावर बोट ठेवले. "ही चीर. हे आपलं ताम्हण आहे. हे तर गंगेत सोडलं होतंत ना तुम्ही? सासूबाईंचं?"

नीलकंठने पायांकडे पाहिले. चपला आधीच काढलेल्या होत्या.

"अगं, म्हणजे, बशा नव्हत्या. माकडांनी..."

"इतकी वर्षं? आणि त्यांना सांगत आलात सोडलं म्हणून?"

"त्यात काय एवढं?" नीलकंठ चिडला. चूक स्वतःची असली की तो तत्त्वाच्या गोष्टी काढत असे. "त्यात देवबीव काही नसतो शरदिनी. तुम्ही लोक उगाच डोक्यावर घेता. शेवटी काय आहे ते? साधं तांब्याचं..."

तो थांबला. तोंड तसेच उघडे.

"तांब्याचं काय?" शरदिनी म्हणाली.

त्याने ताम्हण उचलले, उजेडात धरले. पुडीचा एक पापुद्रा काठाला चिकटला होता, अगदी फिकट निळा. त्याने तो नखाने काढला आणि तळहातावर घेऊन बघत बसला. शरदिनीला वाटले, याला चक्कर येते आहे. तिने स्टूल पुढे ओढले.

शेजारच्या विभागातून त्याने चिनी मातीची बशी मागून आणली. तीत वाळवलेल्या पुडीने प्रयोग केला. लोखंड स्वस्थ बसून राहिले, पूर्वीसारखेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्याने त्यात तांब्याच्या क्षाराचा एक कण टाकला, मोहरीहून लहान. गाठ पडली. लोखंड अजिबात घातले नाही, तरी पडली.

म्हणजे लोखंडाने कधीच काही केले नव्हते. पाटावर शालजोडी घेऊन ते बसले होते, फोटोही त्याचाच निघाला, आणि मंत्र अंतरपाटाच्या मागून दुसराच कुणी म्हणत होता. तांब्याला हे काम जमते हे रसायनशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. नीलकंठचा शोध एवढाच उरला की त्याच्या आईचे ताम्हण तांब्याचे होते.

त्याने ठरवायला वेळ लावला नाही. लावला असता तर ठरले नसते. हैदराबादला अजून अवकाश होता, कोट शिंप्याकडे होता, आणि गप्प राहिले तर पुण्याला ठपका त्या पोरीवरच जाणार होता: आकडे रचले, नाहीतर हाताला गुण नाही. हा शब्द आपणच तिला दिला होता हे आठवून त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो सरळ घरी आला. आई मंगला गौरीला कीर्तनाला गेलेली असते ही वेळ त्याने धरली होती. त्याने पुण्याला फोन लावला. लाइन खराब होती.

"मृणालिनी, तुझं बरोबर आहे! लोखंडानं होत नाही!"

"काय सर? ऐकू येत नाही!"

"तांबं! तांबं आहे त्यात! आपण पूड कशात वाळवत होतो?"

"कशात?"

"ताम्हणात! अगं ताम्हण! आमच्या आईचं! चीर गेलेलं! ते गंगेत सोडायचं होतं, ते मी प्रयोगशाळेत ठेवलं!"

मग आतल्या खोलीतून आवाज आला. कीर्तनकारबुवांचा घसा बसल्यामुळे कीर्तन लवकर आटोपले होते.

"कुठलं रे ताम्हण, नीलू?"

फोनमध्ये मृणालिनी हसत होती की रडत होती ते कळत नव्हते. "सर," ती म्हणत होती, "सर, मी पण रोज त्याच्यातूनच घ्यायचे. मला एकदासुद्धा सुचलं नाही."

"तुझ्या सरांना सांग, चूक माझी. मी लिहून पाठवतो. तुझं नाव कुठंही..."

"नीलू, मी विचारते आहे."

त्याने नियतकालिकाला लिहिले, पुण्याला लिहिले. पुण्याचे सर संशयी होते. त्यांना ताम्हणाचा तुकडा हवा होता. नीलकंठने पत्रा कापायच्या कात्रीने काठाचा एक तुकडा कापून पाठवला. त्यावर वाळवलेल्या पुडीने पुण्यातही गाठ पडली, आणि मृणालिनीची जागा राहिली. दुरुस्ती छापून आली. हैदराबादला नीलकंठ नव्या कोटात गेला आणि लोखंडाने काहीच केले नाही यावर बोलला. शेवटी एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने हात वर करून विचारले, ताम्हण म्हणजे नेमके काय? नीलकंठने समजावून सांगितले. व्याख्यानातला तेवढाच भाग श्रोत्यांनी मन लावून ऐकला.

अन्नपूर्णाबाई दोन महिने मुलाशी शरदिनीमार्फत बोलत होत्या. "त्याला म्हणावं, भाजी वाढू का." "त्याला विचार, देवस्थळ्यांच्या घरात अजून काय काय गंगेत सोडायचं राहिलंय." लोखंड, तांबे, पुणे, हैदराबाद यातले त्यांना काही ऐकून घ्यायचे नव्हते. आपण निर्धास्त झोपत होतो आणि ताम्हण भट्टीत भाजत होते, एवढेच त्यांना समजत होते आणि तेवढे पुरेसे होते. शेवटी कार्तिकात फर्मान निघाले: आता सोडायचे. स्नान करून, उपाशीपोटी, अहिल्याबाई घाटावर.

दिवाळीला मृणालिनी आईवडिलांकडे आलेली होती. ती त्या सकाळी घरी हजर झाली. बाईंनी ताम्हण मांडीवर घेतले. त्यांना आता कमी दिसे. त्या बोटांनी काठ चाचपत गेल्या.

"ही चीर जुनी." बोट पुढे सरकले. "आणि हे इथं काय? हा तुकडा कुठं गेला?"

नीलकंठ चपला घालण्यासाठी दाराकडे वळला.

"आजी, तो पुण्याला आहे," मृणालिनी म्हणाली. "माझ्याकडे. त्याच्यामुळं मी सुटले."

बाईंनी तुटलेल्या कडेवरून बोट फिरवले.

"पुण्यात नदी आहे ना गं?"

"आहे आजी. मुळा-मुठा."

"पाणी असतं तिला?"

"कधी कधी."

"मग असेल तेव्हा सोड. तुझं काम झालं की." त्यांनी ताम्हण पुढे केले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा थेट मुलाकडे तोंड करून म्हणाल्या, "नीलू, सोयीची पायरी बघून सोड. शेवाळ असतं. पडशील."

घाटावर थंडी होती. नीलकंठने बुडी मारली, शिव्या दिल्या, पुन्हा मारली. मृणालिनी वरच्या पायरीवर त्याचा टॉवेल धरून पाठ करून उभी होती आणि हसू दाबत होती. त्याने ताम्हण दोन्ही हातांत धरले, वडील धरत तसे, आणि पाण्यात सोडले. ते लगेच बुडाले नाही. थोडे सरकले, त्यात गंगा भरली, मग काठाच्या तुटक्या बाजूने आत गेले.

शेजारी बांधलेल्या नावेत एक मल्लाह बसला होता. दोरीला चुंबक बांधून तो पाण्यातली नाणी काढत होता. त्याने हे सगळे पाहिले आणि एका पूजेच्या भांड्यासाठी एवढा ओला झालेला माणूस बघून त्याला वाटले, याच्या हातून ते चुकून निसटले असावे.

"गुरुजी, ताँबा था?" तो दोरी गुंडाळत म्हणाला. "तब तो गया। लोहा होता तो हम अभी निकाल देते।"

नीलकंठ कुडकुडत हसला.

"लोहा था ही नहीं, भैया," तो म्हणाला, आणि शेवाळ बघून, जपून, एक एक पायरी चढू लागला.